मालूचा टाक

चिंतामणीचं पत्र आलं त्याच दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं, की रोह्याला परत जायचं नाही.

चिंतामणी माझा धाकटा भाऊ. पत्र गोड होतं. त्याची पत्रं गोडच असतात. "अक्का, श्यामरावांचं लग्न होऊन तीन महिने झाले. त्यांचा संसार आता मार्गी लागला. श्रावण संपला की गुरुवारी तुला न्यायला येतो." ह्या गोडीची भरपाई त्याची बायको कमळा घरी करते. लग्नानंतर दीड वर्षात विधवा होऊन मी त्या घरात परत आले आणि पुढची अकरा वर्षं तिथल्या माजघरात काढली. त्या अकरा वर्षांत "अक्का, बस जरा" असं मला कुणी म्हटल्याचं आठवत नाही. "अक्का, ऊठ जरा" मात्र दिवसातून वीस वेळा.

मग बावन्न साली माझी बहीण मालिनी, आमची मालू, अंबरनाथला विषमज्वरानं गेली. तिचा नवरा श्यामकांत तिथल्या एका कारखान्यात हुद्द्यावर होता. मुलगा बाळ पाच वर्षांचा, मुलगी वृंदा दीड वर्षाची. श्यामकांतची तार आली आणि मी नेसत्या लुगड्यानिशी निघाले. खोटं कशाला बोलू? बहिणीसाठी डोळ्यांना धार लागली होती, तरी गाडीत चढताना पायांत बळ आलं होतं. कुणाला तरी मी हवी होते.

तीन वर्षं मी ती दोन मुलं वाढवली. बाळचे पाढे, वृंदाचा खोकला, कारखान्याच्या भोंग्याआधी श्यामकांतचा डबा. वृंदा माझ्या मानेखाली हात घातल्याशिवाय झोपत नसे. माझ्या मानेला त्या हाताची इतकी सवय झाली होती, की एखाद्या रात्री तो नसला तर मलाच झोप लागत नसे. आळीतल्या बायका मला 'बाळची मावशी' म्हणत. माझं नाव कुमुदिनी आहे हे तिथं कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

पंचावन्नच्या वैशाखात श्यामकांतनं दुसरं लग्न केलं. मुलगी मांजर्लीची, कुंदा नाव, बावीस वर्षांची. मी मोडता घातला नाही. पस्तिशीच्या पुरुषानं जन्मभर मेव्हणीच्या हातचं खाऊन राहावं, असं म्हणण्याइतकी मी खुळी नाही. पोरगी पाहिली तर अंगानं किरकोळ, आवाज घशातच राहणारा. म्हटलं, ही चूल बघेल आणि मुलं माझी राहतील.

आणि आता हे पत्र. श्यामकांतनं ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, अक्का."

माणूस सभ्य आहे, पण सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हीच पंचाईत. मी काय म्हणणार? 'मला ठेवून घ्या' असं मी स्वतःच्या तोंडानं म्हणायचं? ते त्यानं म्हणायला हवं होतं. 'मुलं तुमच्याशिवाय राहायची नाहीत, अक्का, तुम्ही राहा.' एवढं एक वाक्य. त्या वाक्यासाठी मी जीव टांगून बसले होते.

पण वाक्याच्या आड एक वस्तू आली होती, आणि ती मीच करवून आणली होती.

बिजवराशी लग्न झालेल्या बाईनं पहिल्या बायकोचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली. सवतीचा मान ठेवायचा. नवं लुगडं नेसण्याआधी त्याचा पदर टाकाला लावायचा, गजरा आधी तिला, मग आपल्याला. काही नवं खायचं, नवं बघायचं, तर आधी तिला दाखवायचं. श्यामकांत म्हणाला, "अक्का, हे असलं आता कोण करतं?" मी म्हटलं, "मालूला विसरायची एवढी घाई झाली असेल तर राहू द्या." झालं, कबूल झाला. रीत खरी होती, पण मी ती रीतीसाठी काढली नव्हती. त्या पोरीनं उठता बसता लक्षात ठेवावं, की हे घर दुसऱ्या बाईचं आहे, म्हणून काढली होती.

मालूच्या एका बुगडीचं सोनं घेऊन मी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या एका सिंधी सोनाराकडे गेले. त्यानं जन्मात टाक पाहिला नव्हता.

"ये क्या होता है, बाई? देवी है?"

"देवी नहीं. वो पहिली बायको मर गया ना, उसका तोंड," मी माझ्या हिंदीत सांगितलं.

तो हसला नाही. हातातलं सोनं त्यानं उलटसुलट केलं. "हमारी घरवाली भी उधर रह गई," म्हणाला, आणि कामाला लागला. पुढं विचारायचं मला सुचलं नाही. आठ दिवसांनी टाक दिला तो इतका नाजूक, की बघत राहावं. फक्त मालूच्या डोक्यावर त्यानं त्यांच्या बायकांसारखी ओढणी दिली होती. मी तो काळ्या रेशमाच्या दोऱ्यात स्वतः ओवला. घरी आल्यावर मुलांना जवळ घेतलं आणि सांगितलं, "ही तुमची आई. खरी आई ह्याच्यात आहे. ही कुंदा तिला नुसती गळ्यात घेऊन फिरणार."

असा माझ्या हातानं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. मला वाटलं होतं, मुलं त्या पोरीला परकी समजतील. बाळ समजलाही, तो आठ वर्षांचा होता. पण वृंदाला आई आठवतच नव्हती. तिला तीन वर्षांत पहिल्यांदा आई दिसली, आणि ती कुंदाच्या गळ्यात दिसली. पहिल्या दिवशी तिनं लांबून पाहिलं, दुसऱ्या दिवशी बोट लावलं, आणि आठवड्यात कुंदाला एक नाव मिळालं. आईवाली. "आईवाली कुठाय? मला आईवालीपाशी बसायचंय." आषाढ संपता संपता तिनं उशी उचलली आणि कुंदाजवळ जाऊन झोपली, टाक मुठीत धरून.

माझ्या अंथरुणात तिची जागा होती तेवढी मी रोज रिकामी ठेवत होते.

म्हणून पंधरा ऑगस्टला कोंडेश्वरचा धबधबा बघायला जायचं ठरलं, तेव्हा मला बरं वाटलं. त्या वर्षी पंधरा ऑगस्ट आणि शेवटचा श्रावणी सोमवार एकाच दिवशी आले होते. श्यामकांतला सुट्टी, देवदर्शन, आणि मुलांची सहल. माझा हिशेब वेगळा होता. वृंदा पाण्याला भिते. नदीवर गेलं, विहिरीपाशी गेलं, की ती माझ्या मांडीला मिठी मारते आणि सोडत नाही. ती धबधब्यापाशी कुणाकडे धावते, ते श्यामकांतनं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, की ते वाक्य त्याच्या तोंडून आपोआप येईल. चिंतामणी गुरुवारी यायचा होता. सोमवार हा माझा शेवटचा दिवस होता म्हणा ना.

सकाळी बाळच्या शाळेत झेंडावंदन झालं. तिथं मिळालेला कागदी झेंडा आणि चार बत्तासे घेऊन तो आला आणि आम्ही निघालो. बदलापूर स्टेशनाबाहेर सोनिवलीच्या आनंदानं बैलगाडी आणून ठेवली होती. श्यामकांत रेनकोट घालून पुढं त्याच्याशेजारी बसला, गळ्यात साहेबाकडून मागून आणलेला पेटीसारखा कॅमेरा. मागं गवतावर कुंदा, मुलं आणि मी. माझ्यापाशी छत्री आणि फराळाचा डबा. मुलांना दशम्या आणि बटाट्याची भाजी, आम्हाला उपासाचे राजगिऱ्याचे लाडू.

वाटेवर भातखाचरं पाण्यानं भरली होती. मध्येच सर यायची, मध्येच ऊन. बाळ झेंडा हलवत होता. वृंदा दिसेल ते टाकाला दाखवत होती. "आई, बगळा. आई, म्हैस." कुंदा त्यासाठी मान खाली वाकवून टाक पुढं धरत होती. एका म्हशीपाशी तर तिला चार वेळा वाकावं लागलं. पोरीची मान मोडायची पाळी आली होती, पण तिनं कंटाळा केला नाही. मला त्याचाही राग आला. वाईट वागली असती तर किती सोपं झालं असतं!

देवळाशी ही गर्दी. कुंडाच्या कडेला नारळ, बेल, ओली धोतरं, कुणाची तरी हरवलेली वहाण. आम्ही कसंबसं दर्शन घेतलं. आनंदा म्हणाला, "हितं पोरांना घेऊन नका उतरू, बाय. वरच्या अंगाला ल्हान धबधबा हाय. गुडघाभर पानी. तितं कुनी येत नाय."

तसा तो होता. दोन पुरुष उंचीवरून पाणी पडत होतं, खाली खडकात लहानसं डबकं, मग ओढा. आवाज मात्र मोठा. वृंदानं तो ऐकला आणि जागच्या जागी थांबली. मग वळली आणि धावत येऊन तिनं माझ्या मांडीला मिठी मारली. अगदी मी योजलं होतं तशी!

मी श्यामकांतकडे पाहिलं. तो खाली मान घालून कॅमेऱ्याच्या काचेत बघत होता.

"श्यामराव," मी म्हटलं, "ही बघा कशी भ्यालीय."

"हो, हो," तो वर न बघता म्हणाला.

तेवढ्यात कुंदा पाण्याच्या कडेला जाऊन बसली. तिनं कुणाला हाक मारली नाही, काही नाही. गळ्यातला टाक दोन बोटांत धरला आणि पाण्याकडे केला. "मालूताई," ती हळूच म्हणाली, "बघा, केवढं पाणी." मीच शिकवलं होतं ना, नवं काही असलं की आधी तिला दाखवायचं म्हणून. तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि एक थेंब टाकाला लावला.

माझ्या मांडीवरची मिठी सैल झाली. "आई भीत नाही?" वृंदानं विचारलं.

"नाही गं. हसतायत बघ त्या."

आणि वृंदा गेली. मी हात पुढं केला होता तो तसाच राहिला. मग त्या हातानं मी छत्री नीट केली.

श्यामकांतला त्या दोघी पाण्यात फार छान दिसल्या. "थांबा, थांबा, फोटो काढू. बाळ, तूही जा. अक्का, जरा हा धरता? वरून बघायचं आणि हे बटण दाबायचं, बस." मी कॅमेरा धरला. काचेत ते चौघं बोटभर दिसत होते. नवरा, बायको, मुलगा, मुलगी. श्यामकांतनं बाळच्या खांद्यावर हात ठेवला होता. कुंदाच्या कडेवर वृंदा. चौघांत कुठं फट नव्हती. श्यामकांतचं डोकं कापावं असं एकदा मनात आलं, पण मी नीट बघून बटण दाबलं.

"तुमचाही एक काढू या, अक्का," तो म्हणाला. मग रोल बघून म्हणाला, "अरेच्चा, संपला वाटतं."

मी कडेच्या खडकावर छत्री धरून बसले. कुंदा वृंदाला घेऊन धबधब्याच्या आणखी जवळ गेली. तुषार अंगावर उडत होते आणि वृंदा खिदळत होती. ज्या पोरीला मी तीन वर्षं विहिरीच्या काठाला नेऊ शकले नाही, ती खिदळत होती. मग वरून एकाएकी मोठा लोट आला. वृंदा किंचाळली. कुंदाच्या गळ्याला तिनं हात घातला, दोरा तिच्या बोटांत आला, आणि तुटला.

कुंदा घाईनं बाहेर आली. गळ्याशी हात नेला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "अक्का, हिला धरा," म्हणत तिनं वृंदाला माझ्या मांडीत दिलं आणि परत पाण्यात उतरली. श्यामकांतही उतरला. वृंदा हातपाय झाडत होती. "आई हरवली! आईवाली, आई हरवली!"

मी तिचा ओला झगा काढायला घेतला. पाठीमागं पट्ट्याची गाठ होती, भिजून घट्ट झालेली. ती सोडवताना काहीतरी टोचलं. पट्ट्याच्या चुणीत मालूचा टाक अडकला होता, ओढणीसकट.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी तोंड उघडलं होतं. 'सापडला' म्हणणारच होते. म्हटलं नाही. टाक मुठीत घेतला, आणि वृंदाला पदरात गुंडाळताना तो कनवटीला खोचला.

का, ते मला त्या क्षणी नीट कळलंही नव्हतं. नंतर कळलं. वृंदा रडून रडून थकली. तिला हुंदके येत राहिले, मग ते लांबत गेले. मी तिचं डोकं पुसलं, पाठ चोळली, आणि तिनं आपला हात माझ्या मानेखाली घातला. जवळजवळ महिन्यानं! तिचं सगळं अंग सैल पडलं आणि तो जुना भार माझ्या मांडीवर आला. मला वाटलं, आता देवानं मला इथंच दगड करून बसवावं.

पाण्यात श्यामकांत कंटाळला होता. "अगं, जाऊ दे ना. दुसरा करू."

"दुसऱ्या मालूताई कुठून आणणार?" कुंदा म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा एवढा मोठा ऐकला. ती वाकून दोन्ही हातांनी खडकांच्या फटी चाचपत होती. केस सुटले होते, बोटं सोलवटली होती.

श्यामकांत बाहेर आला. माझ्यासमोर उभा राहिला आणि मांडीवरच्या वृंदाकडे बघत राहिला. ह्या वेळी त्यानं पाहिलं.

"शेवटी तुमच्यापाशीच शांत होते ती, अक्का," तो म्हणाला. "मी म्हणत होतो... चिंतामणीला एक पत्र टाकावं का? इतक्यात येऊ नको म्हणून?"

आलं! ज्याची मी वाट बघत होते ते वाक्य आलं. मी नुसती मान हलवायची होती. कनवटीला टाक मला टोचत होता.

"वैनी!" वरून आनंदा ओरडला. "भायेर या! पानी गढूळ झालाय! वर जोराचा पडलाय!"

डबक्यातलं पाणी खरंच लाल झालं होतं आणि कुंदाच्या मांडीपर्यंत आलं होतं. श्यामकांत धावला. "कुंदा! ये बाहेर!" ती ऐकेना. "एवढी एक फट बघते," म्हणाली, आणि धारेच्या आणखी खाली सरकली. "अक्कांनी दिलाय तो. त्यांना काय तोंड दाखवू?"

आणि तेव्हा माझ्या मनात जे आलं, त्याची मला आजही शरम वाटते. मनात आलं, ही वाहून गेली तर मुलं पुन्हा पोरकी होतील. पुन्हा मी लागेन. एक क्षणभरच आलं, पण आलं. मालूच्या वेळी गाडीत चढताना पायांत जे बळ आलं होतं, ते पुन्हा पायांत आलं. मला माझीच भीती वाटली.

"सापडला!" मी किंचाळले. "कुंदे, बाहेर ये! सापडला गं, इथं आहे!"

वृंदा दचकून जागी झाली. श्यामकांतनं कुंदाचा दंड धरून तिला ओढून काढलं. दोघं काठावर आली तेव्हा ती वाकून शोधत होती त्या जागी पाण्याचा लोंढा फिरत होता. कुंदा थरथरत माझ्यापुढं आली आणि तिनं हात पसरला.

"कुठं होता?"

"इथंच. खडकाशी. पाण्याच्या कडेला," मी म्हटलं.

मी टाक तिच्या तळहातावर ठेवला. तिथं सगळं भिजलेलं होतं. खडक, लुगडी, केस, दशम्यांचा डबासुद्धा. टाक तेवढा कोरडा होता आणि माझ्या अंगानं कोमट झाला होता. कुंदानं त्यावर अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. ती भित्री होती, पण मंद नव्हती. मी मान खाली घातली. आता बोलेल, आता श्यामकांतला सांगेल, म्हणून मी वाट बघत राहिले.

"दोरा तुटलाय," ती म्हणाली. "तुमच्याकडे काही असलं तर तुम्हीच बांधा, अक्का."

मी पदराची किनार दातानं फाडली. टाक ओवला, आणि थांबले. "माझ्या हातानं नको. सवाष्णीच्या गळ्यात विधवेनं बांधू नये."

"पहिल्यांदा तुम्हीच ओवला होता ना? मग बांधा."

ती पाठमोरी बसली. तिची मान मी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती. दोऱ्यानं मागं लाल वळ उठला होता, रोज वृंदानं ओढून ओढून. मी एक गाठ मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. सुटू नये अशी मारली. वृंदा माझ्या मांडीवरून उतरली आणि तिच्या कुशीत शिरली.

"श्यामराव," मी मोठ्यानं म्हटलं, म्हणजे मला परत फिरता येऊ नये. "चिंतामणीला पत्र नको. गुरुवारी येईल तेव्हा मी तयार असेन."

तो दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याला काहीच कळलं नव्हतं. "तुम्ही म्हणाल तसं, अक्का."

कुंदा राहा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिनं ती गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही, एवढं मला नक्की माहीत आहे, कारण श्यामकांत पुढंही मला दिवाळीला तितक्याच आदरानं पत्र लिहीत राहिला. पण त्या दिवशी तिनं मला राहा म्हटलं नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही म्हटलं नसतं.

परतताना पाऊस थांबला. गाडीत श्यामकांत पुढं पेंगत होता. बाळचा झेंडा भिजून त्याचा हिरवा रंग पांढऱ्यात उतरला होता, म्हणून तो फुरंगटून बसला होता. वृंदा कुंदाच्या मांडीवर आडवी झाली होती, टाक मुठीत.

"मावशी, तू रोह्याला जाणार?"

"हो."

"कधी?"

"गुरुवारी."

तिनं मूठ उघडून टाकाकडे पाहिलं, पुन्हा मिटली. "मग तुझा टाक कुणाच्या गळ्यात?"

"येडी आहेस तू," बाळ म्हणाला. "टाक मेलेल्या माणसांचा असतो."

"आणि नुसते जातात त्यांचा?"

बाळला ते माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. कुंदानंही पाहिलं.

"त्यांचा नसतो गं," शेवटी मी म्हटलं.

वृंदानं थोडा विचार केला. डोळे मिटत आले होते तिचे.

"मग तू हरवणार," ती म्हणाली, आणि झोपली.

मला रडू आलं. पाऊस नव्हता, तरी मी छत्री उघडली आणि बदलापूर येईपर्यंत मिटली नाही.